सतराव्या वर्षाचा निकाल किती वर्षं चालवायचा?

रायपूरच्या जी. ई. रोडवर थोड्याच अंतरात शासकीय विज्ञान महाविद्यालय, एनआयटी आणि पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ अशी तीन आवारं लागतात. त्याच रस्त्याने टाटीबंधला गेलं की एम्स येतं. नव्या रायपूरला आयआयएम, ट्रिपल आयटी आणि हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तर भिलाईजवळ कुटेलाभाठ्याला आयआयटी. 2000 साली छत्तीसगड राज्य झालं तेव्हा यातल्या बहुतेक संस्था नव्हत्या. इतक्या थोड्या काळात एवढं उभं राहिलं, याचा इथल्या प्रत्येक घराला अभिमान आहे आणि तात्यापारा, चौबे कॉलनीतली मराठी घरंही त्यात आली. मात्र विद्यार्थी एकदा ज्या फाटकातून आत जातो, तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडतो. पहिल्या वर्षी त्याने कितीही चांगलं काम केलं, तरी शेजारच्या आवारात त्याला दुसऱ्या वर्षाची जागा मिळत नाही.

मधल्या वर्षी अधिक निवडक विद्यापीठात जाता यावं का, आणि जाता येत असेल तर जावं का, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ऐकाव्यात म्हणून हा संवाद लिहिला आहे. यातली मावशी रायपूरच्या सरकारी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली आहे. भाची संलग्न कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोघी कल्पनेतल्या आहेत. नियम आणि आकडे खरे आहेत.

भाची: मावशी, मी अर्ज करायचं ठरवलंय. हे वर्ष इथे पूर्ण करीन आणि त्याच काळात बाहेरच्या विद्यापीठांना ट्रान्सफरचे अर्ज पाठवीन. घरी वाटतंय, मी कॉलेजला कंटाळले. तसं नाहीये. बारावीत फिजिक्स म्हणजे माझ्यासाठी सूत्रं आणि मार्क एवढंच होतं. ते मला खरोखर आवडतं हे पहिल्या वर्षी कळलं. पण तोवर प्रवेशाचे सगळे दरवाजे बंद झाले होते.

मावशी: आवडतं हे मला दिसतंय. तरी आधी एक सांग. तुला काय हवंय? विद्यापीठाचं नाव, की इथे न मिळणारी एखादी गोष्ट? नाव हवं असलं तरी त्यात लाज नाही, नोकरीच्या बाजारात नावाला किंमत आहे. पण अर्जात आणि मनात दोन्हींचा घोळ करू नकोस. काय हवंय त्याची यादी कर.

भाची: यादी आहे. प्रॅक्टिकलला ठरलेले प्रयोग आहेत, उत्तरही आधीच माहीत असतं. मला असा प्रयोग करायचाय ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नसेल. शंका घेऊन कुणाकडे बसता येईल असे तास हवेत. फिजिक्सबरोबर कॉम्प्युटर सायन्सचे विषय मनाप्रमाणे घेता यायला हवेत. आणि माझ्यापेक्षा हुशार मुलं आजूबाजूला हवीत. वर्गात मीच पहिली येते, त्यामुळे मी कुठे कमी पडते हे मला कळतच नाही.

मावशी: शेवटचं कारण सगळ्यात खरं वाटलं. आता व्यवहाराचं पाहू. आपल्या देशात तू जाणार कुठे? आयआयटीच्या बीटेकला जेईई ॲडव्हान्स्ड हाच मुख्य रस्ता, आणि ती परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांतच आणि फक्त दोनदा देता येते. तुझी ती मुदत संपली. केंद्रीय विद्यापीठांत 2022 पासून सीयूईटी आहे. ती पुन्हा देऊन गेलीस तरी पहिल्या वर्षालाच बसायचं. म्हणजे आपल्याकडे ज्याला मुलं ट्रान्सफर म्हणतात, ते बहुतेक वेळा वर्षं सोडून नव्याने सुरुवात करणं असतं. टीसी, मायग्रेशन सगळं मिळेल, पण केलेला अभ्यास बरोबर येणार नाही.

भाची: पण क्रेडिट बँकेचा नियम आहे ना! 2020 च्या शैक्षणिक धोरणात आहे, आणि 2021 मध्ये यूजीसीने ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची नियमावलीच काढली. माझ्या खात्यात क्रेडिट जमा होतात. मग ती घेऊन दुसरीकडे का जाऊ नये?

मावशी: ती नियमावली नीट वाच. क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात. जी संस्था पदवी देणार, तिच्याकडे किमान निम्मी क्रेडिट मिळवलेली असली पाहिजेत. म्हणजे तीन वर्षांच्या 120 क्रेडिटांतली 60 तू इथून नेलीस, तर उरलेली 60 तिथे करून पदवी मिळू शकते. कागदावर हे तुझ्या बाजूचंच आहे. पण बँक क्रेडिट सांभाळते, वर्गातली जागा देत नाही. जागा द्यायची की नाही, कोणत्या विषयाला किती क्रेडिट मानायची, हे घेणारी संस्था ठरवते. आणि नामवंत संस्थांनी मधल्या वर्षाचे प्रवेश फारसे उघडलेलेच नाहीत.

भाची: मग चूक कुणाची? नियम सांगतो, पोरांना फिरू द्या. संस्था म्हणतात, आमच्याकडे यायचं तर आमच्याच परीक्षेतून या. ती परीक्षा मी सतराव्या वर्षी दिली. तेव्हा मी जी होते, ती आज नाही. एनआयटीतला मुलगा पहिल्या वर्षी नापास झाला तरी एनआयटीचाच राहतो, आणि मी इथे पहिली आले तरी बाहेरचीच. एका सकाळच्या पेपराचं वजन पदवीच्या सगळ्या वर्षांच्या कामापेक्षा जास्त कसं?

मावशी: त्याचं कारणही समजून घे. एका जागेमागे शेकड्यांनी अर्ज असतात. तिथे शिफारस, ओळख, पैसा घुसू नये म्हणून आपण परीक्षेला चिकटून राहिलो. गरीब घरातल्या मुलाला परीक्षाच न्याय देते असं लोकांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. मधल्या वर्षी कॉलेजच्या मार्कांवर प्रवेश द्यायचा म्हटलं, तर एका विद्यापीठाचे 80 टक्के आणि दुसऱ्याचे 80 टक्के सारखे मानायचे का? कोण ठरवणार?

भाची: पॉलिटेक्निकच्या मुलांचं कोण ठरवतं? पदविका घेऊन ती इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतात. महाराष्ट्रात त्यासाठी दरवर्षी वेगळी प्रवेश प्रक्रिया होते. त्यांचा अभ्यासक्रम वेगळा असतो, पहिलं वर्ष वेगळ्या ठिकाणी झालेलं असतं, तरी ती मुलं चांगली इंजिनिअर होतात. म्हणजे हे आपल्याला जमतं. बीएस्सीला किंवा बीएला का जमू नये?

मावशी: हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण धोरण बदलेपर्यंत तू काय करणार?

भाची: म्हणूनच बाहेर बघतेय. अमेरिकेत ट्रान्सफर हा प्रवेशाचा रीतसर प्रकार आहे. कॅलिफोर्नियाने 1960 च्या मास्टर प्लॅनमध्येच ठरवलं, की शाळेनंतर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात येता यावं. तिथे दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी असावा हे उद्दिष्टच आहे. बराक ओबामा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षं होते आणि 1981 मध्ये कोलंबियाला गेले.

मावशी: कॅलिफोर्नियाची ती सोय मुख्यतः तिथल्याच रहिवाशांसाठी आहे. निवडक खासगी विद्यापीठांचे आकडेही पाहून ठेव. हार्वर्ड दरवर्षी साधारण डझनभर ट्रान्सफर विद्यार्थी घेतं. त्यांची अट अशी, की कॉलेजचं किमान एक वर्ष झालेलं असावं आणि दोनपेक्षा जास्त नसावं. प्रिन्स्टनने 1990 मध्ये ट्रान्सफर बंद केलं आणि 2018 मध्ये पुन्हा सुरू केलं. त्या वर्षी 1,400 हून अधिक अर्जांतून 13 जणांना प्रवेश देऊ केला. शिवाय माजी सैनिक, कमी उत्पन्नाच्या घरांतले आणि कम्युनिटी कॉलेजमधले विद्यार्थी यांना पुढे आणण्यासाठी ती योजना होती. पहिल्या वर्षाच्या प्रवेशापेक्षा अशा ठिकाणी ट्रान्सफर अवघड असतं.

भाची: 13 जणांना मिळाला ना? आपल्याकडे तर शून्य आहे.

मावशी: खरं आहे. मग खर्चाचं बोल. राहण्या-जेवणासकट मोठ्या खासगी विद्यापीठाचा खर्च वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर जातो. हार्वर्ड, प्रिन्स्टन परदेशी विद्यार्थ्यालाही गरजेप्रमाणे मदत देतात. पण पुष्कळ विद्यापीठं परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला फारच थोडी मदत देतात किंवा देतच नाहीत. प्रवेश मिळाला आणि मदत नाही मिळाली, तर तुझे बाबा घर गहाण टाकायला निघतील. तो निर्णय अर्ज करण्याआधीच घरात बोलून टाक. किती कर्ज झेपेल त्याचा आकडा कागदावर लिही आणि त्यापुढे जायचं नाही, हे पत्र येण्याआधी ठरव. पत्र हातात आल्यावर कुणाचंच डोकं थंड राहत नाही.

भाची: मान्य. पूर्ण मदत मिळत नसेल तिथे अर्जच करणार नाही. आता मला खरी अडचण वाटते ती शिफारसपत्रांची. कॉलेजातल्या दोन शिक्षकांची पत्रं लागतात. सरांना विचारलं, तर तूच लिहून आण, मी सही करतो, म्हणाले.

मावशी: असं पत्र नेऊ नकोस. सरांचाही दोष मोठा नाही, ते एका वर्गात शंभर मुलांना शिकवतात. संलग्न कॉलेजात शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा. आपल्या विद्यार्थ्याने काय लिहिलं हे शिकवणाऱ्याच्या डोळ्यांखालून जातच नाही. मग पत्रात तो काय लिहिणार? अमेरिकेतल्या प्रवेश समितीला मात्र नेमकं तेच हवं असतं. ही मुलगी वर्गात काय विचारते, अडली की काय करते, चुकल्यावर काय करते. तुला चांगलं पत्र हवं असेल तर आजपासून एका शिक्षकाला तुझं काम बघायला लाव. विद्यापीठाच्या भौतिकी आणि खगोलभौतिकी विभागात जा. तिथेच सेंटर फॉर बेसिक सायन्सेस आहे. एखादा छोटा प्रकल्प माग. पहिल्यांदा नाही म्हणतील, पुन्हा जा.

भाची: म्हणजे जाण्यासाठी आधी इथे रुजायचं?

मावशी: हो. ट्रान्सफरच्या निबंधात तू रायपूरला, कॉलेजला, सरांना नावं ठेवलीस तर वाचणारा समजतो, की ही मुलगी तिथे आली तरी तेच करील. आहे त्या ठिकाणी जे मिळत होतं ते सगळं हिने घेतलं आणि आता तिला पुढचं हवंय, हे त्याला दिसलं पाहिजे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात संशोधनासाठी फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. 'स्वयं' या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांची क्रेडिट एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत घेण्याची मुभा यूजीसीने दिली आहे. यातलं तू किती वापरलंस?

भाची: एनआययूएसचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

मावशी: मग तुझ्या यादीतल्या दोन गोष्टी कॉलेज न सोडता मिळण्यासारख्या आहेत. उत्तर माहीत नसलेला प्रयोग आणि तुझ्यापेक्षा हुशार मुलं.

भाची: उन्हाळ्यात दोन महिने मिळतील. उरलेल्या दहा महिन्यांचं काय? आणि आपण दोघी बोलतोय म्हणून मला हे कळलं. माझ्या वर्गातल्या, धमतरीहून रोज बसने येणाऱ्या मुलीला कोण सांगणार?

मावशी: म्हणूनच मला तुम्ही हुशार मुलं जाता त्याचं वाईट वाटतं. वर्गातली चांगली दोन मुलं गेली की चर्चा संपते. शिक्षकालाही तयारी करून यावंसं वाटत नाही. एनआयटीच बघ. 1956 मध्ये ते खाण आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज म्हणून सुरू झालं. पुढे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि 2005 मध्ये एनआयटी. मधल्या पन्नास वर्षांत तिथे शिकलेल्या आणि शिकवलेल्या माणसांनी ते मोठं केलं. सगळेच उठून गेले असते तर काय मोठं झालं असतं?

भाची: पण मावशी, या गावाची शिक्षणाची गोष्ट जाणाऱ्यांनीही लिहिलीय. माधवराव सप्रे मॅट्रिक झाले रायपूरला आणि बीए कलकत्ता विद्यापीठाचे. मग 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं. हरिसिंह गौर सागरचे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातून केंब्रिजला गेले आणि 1946 मध्ये स्वतःच्या कमाईतून सागरला विद्यापीठ उभं केलं. पुढे रायपूरची कॉलेजं त्याच विद्यापीठाला जोडली गेली. गौर सागरलाच थांबले असते तर ते विद्यापीठ झालं असतं का?

मावशी: कदाचित नसतं झालं. गौरांसारखा परत देणारा लाखात एखादा, हेही लक्षात ठेव.

भाची: ठेवते. पण परत येण्याची अट घालून मला जाऊ देऊ नकोस. एखाद्या कॉलेजचा दर्जा टिकवायची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या मुलीवर का? ती सरकारची आहे, विद्यापीठाची आहे. रिक्त पदं भरायची असतात, प्रयोगशाळेला पैसे द्यायचे असतात. मी थांबले म्हणून ते होणार नाही.

मावशी: बरोबर आहे तुझं. शिक्षक म्हणून मला जे वाटतं ते मी तुझ्यावर लादत होते. तरी एक रस्ता सांगायचा राहिला. आपल्या देशातलं खरं ट्रान्सफर पदवीनंतर होतं. बीएस्सी झाल्यावर जॅम दे. त्या परीक्षेवर आयआयटीत एमएस्सीला जागा मिळते. त्या वेळी तुझं कॉलेज कुठलं हे कुणी विचारत नाही. आपल्याकडचे किती तरी विद्यार्थी असेच संलग्न कॉलेजातून आयआयटीत गेले आहेत. दीड वर्ष थांब आणि तयारी कर. पैसाही वाचेल.

भाची: मला जॅम द्यायचीच आहे. पण दीड वर्ष थांबण्यात एक धोका आहे, तो तुलाही माहीत आहे. आमच्याकडे मुलांना म्हणतात, पदवीनंतर बघू. मुलींनाही म्हणतात, पदवीनंतर बघू. दोन्ही वाक्यांचा अर्थ एक नसतो. माझ्या मामेबहिणीची जॅमची तयारी झाली होती. शेवटच्या सत्रात स्थळ आलं आणि सगळे म्हणाले, तिकडे जाऊन शिक. ती शिकली नाही. पदवीच्या मध्ये दार उघडलं, तर पदवी पूर्ण करायला पाठवतोय असं घरी सांगता येतं. मुलीसाठी हा फरक फार मोठा आहे.

मावशी: (थोडं थांबून) हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या, आणि एमएस्सीच्या यादीत कधीच न दिसलेल्या किती तरी मुली मला आठवतात. अर्ज कर. तुझ्या आई-बाबांशी मी बोलते. पण जॅमचा फॉर्मही भर आणि दोन्ही तयाऱ्या एकत्र कर. ट्रान्सफर झालं नाही तर आपण हरलो असं मानायचं नाही. वॉरन बफे नामांकित व्हार्टन सोडून आपल्या गावाकडच्या नेब्रास्का विद्यापीठात परतले आणि तिथूनच पदवीधर झाले. माणूस विद्यापीठाच्या नावावरच घडतो असं नाही.

भाची: त्यांना दोन्हीकडे जाता आलं, मावशी. जायचं की राहायचं हे त्यांनी निवडलं. मलाही निवडता यावं, एवढंच म्हणते मी.

दोघींचं बोलणं इथवर आणल्यावर माझं मत स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. अर्ज करण्याच्या बाबतीत मी भाचीच्या बाजूचा आहे, आणि अर्ज कसा करावा याबाबत मावशीच्या. कुणाची समज चौदाव्या वर्षी जागी होते, कुणाची एकोणिसाव्या. उशिरा जागं होणं हा दोष नाही. पण आपली सगळी उच्चशिक्षणाची रचना बारावीनंतरच्या काही महिन्यांत माणूस कायमचा मोजून टाकते आणि पदवी संपेपर्यंत पुन्हा मोजायला तयार होत नाही. याची किंमत छोट्या शहरांतली मुलं मोजतात, आणि मुली सगळ्यात जास्त.

उपाय अवघड नाही. पहिल्या वर्षानंतर प्रत्येक नामवंत संस्थेत कुणी ना कुणी जागा सोडतंच. एनआयटी, आयआयटी आणि केंद्रीय विद्यापीठांनी या रिकाम्या जागा दरवर्षी जाहीर कराव्यात. आपल्याच राज्यातल्या संलग्न कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांसाठी लेखी परीक्षा, विद्यापीठाचे गुण आणि केलेलं काम या तिन्हींवर त्या भराव्यात. मावशीला वशिल्याची जी भीती वाटते, तिच्यावर लेखी परीक्षेचा इलाज आहे. आरक्षण जसं पहिल्या वर्षाला लागू आहे तसंच इथेही लागू राहावं. निम्म्या क्रेडिटांचा नियम 2021 पासून आहे आणि थेट दुसऱ्या वर्षाचा अनुभव पदविकेच्या विद्यार्थ्यांनी दिलेला आहे. रायपूरमध्ये तर तिन्ही आवारं एकाच रस्त्यावर आहेत. सुरुवात इथूनच करता येईल, अगदी दहा जागांनीही.

आणि ते होईपर्यंत संलग्न कॉलेजांतल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. विद्यार्थी शिफारसपत्र मागायला आला तर त्याला लिहून आणायला सांगू नका. त्याला बसवून घ्या, त्याचं काम पाहा, आणि चार ओळी का होईना, स्वतः लिहा. त्याच्या अर्जात या शहराकडून जाणारी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच असेल.